भट्टीजवळच्या हायड्रॉलिक मशीनमध्ये काय भरावं: साधं तेल, वॉटर ग्लायकॉल की एस्टर?

गेल्या महिन्यात नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीतून एका ओळखीच्या मुलाचा फोन आला. वडिलांनी उभा केलेला ॲल्युमिनियम डायकास्टिंगचा (वितळलेला धातू दाबाने साच्यात भरून भाग बनवण्याचा) कारखाना आता तो बघतो. "काका, तीन कोटेशनं समोर घेऊन बसलोय. एक ६८ नंबरच्या (जाडपणाचा नंबर) साध्या तेलाचं, एक वॉटर ग्लायकॉलचं आणि एक एस्टरचं. तिघंही म्हणतात आमचंच भरा. तुम्ही सांगाल ते भरतो." फोनवर दहा मिनिटांत जमलं तेवढं सांगितलं. पण हा निर्णय दहा मिनिटांत घेण्यासारखा नाही आणि असा प्रश्न पडलेला तो एकटाही नाही. हिंगणा, बुटीबोरी, कळमेश्वर या पट्ट्यात भट्टीशेजारी हायड्रॉलिक मशीन, म्हणजे दाबाखालच्या द्रवाच्या जोरावर हलणारं मशीन, चालवणारे कितीतरी कारखाने आहेत. मी मेंटेनन्समध्ये आयुष्य काढलं, तीनही द्रव वापरलेत आणि तिघांचे त्रासही भोगलेत. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी एक रात्र सांगतो, कारण माझं सगळं मत त्या रात्रीपासून बनत गेलं.

मे महिना होता, रात्रपाळी. ४०० टनी कोल्ड चेंबर डायकास्टिंग मशीन, शेजारी वितळलेलं ॲल्युमिनियम गरम धरून ठेवणारी भट्टी, होल्डिंग फर्नेस. धातू साच्यात ढकलणाऱ्या शॉट सिलिंडरकडे जाणारा होज, म्हणजे लवचीक नळी, एका क्लॅम्पला घासत घासत आतल्या तारेपर्यंत उघडा पडला होता. कुणाच्या नजरेत आलं नाही. साधारण दीडच्या सुमारास कुकरची शिट्टी अडकावी तसा बारीक, लांब आवाज आला. मी वळून पाहिलं तेव्हा तेलाची धार दिसलीच नाही. दिसलं ते पांढरट धुकं, हिवाळ्यात पहाटे अंबाझरी तलावावर उतरतं तसं. ते सरकत भट्टीच्या तोंडापाशी पोचलं आणि एका क्षणात वरच्या टिनाच्या पत्र्यापर्यंत ज्वाळा गेली. पंप बंद करायचं बटण भट्टीच्याच बाजूला, म्हणजे आगीच्या पलीकडे. पंप चालूच राहिला आणि स्वतःच्या हाताने आगीला तेल पाजत राहिला. आमचा फिटर मागच्या दाराने धावत मेन पॅनेलपर्यंत गेला, स्विच पाडला, तरी ॲक्युम्युलेटरमध्ये, म्हणजे दाब साठवणाऱ्या बाटलीत, दाबून ठेवलेलं तेल संपेपर्यंत ज्वाळा खाली आली नाही. एका हेल्परचा हात कोपरापर्यंत भाजला. तो आजही कामावर आहे, पण उन्हाळ्यात पूर्ण बाह्यांचा शर्ट घालतो.

टाकीत साधं, चांगल्या प्रतीचं मिनरल (खनिज) तेल होतं. तेलाचा दोष काहीच नव्हता.

फ्लॅश पॉइंटवर विसंबू नका

कोटेशनवर ठळक छापलेलं असतं: फ्लॅश पॉइंट (तेलाची वाफ ज्योतीने क्षणभर पेटते ते तापमान) २२० अंश सेल्सिअस. वाचणाऱ्याला वाटतं, आपल्या टाकीतलं तेल ५५ अंशांवर असतं, मग भीती कसली? पण तो आकडा उघड्या कपात संथ पडलेल्या तेलाचा असतो. दीडशे बारच्या दाबाखाली सुईएवढ्या छिद्रातून निघालेलं तेल संथ नसतं. त्याचा फवारा होतो, फवाऱ्यात अतिशय बारीक थेंब असतात आणि प्रत्येक थेंबाभोवती हवा असते. असा फवारा कित्येक मीटर लांब जातो आणि तेलाचं एकूण तापमान फ्लॅश पॉइंटच्या कितीही खाली असलं तरी पेट घेतो. शिवाय साधं तेल साडेतीनशे अंशांच्या आसपासच्या पृष्ठभागाला लागलं तर ठिणगी नसतानाही पेटू शकतं. ॲल्युमिनियम वितळतं ६६० अंशांना. फोर्जिंगचा (ठोकून घडवायचा) लाल लोखंडी ठोकळा, बिलेट, हजाराच्या वर असतो. म्हणजे आपल्या शॉपमध्ये पेटवणारी वस्तू कायम हजर आहे, फक्त फवारा तिथवर पोचायचा अवकाश.

किती उष्णता बाहेर पडू शकते याचा एक हिशोब करून बघा. मिनिटाला १०० लिटर देणारा पंप चालू राहिला तर एका मिनिटात सुमारे ८७ किलो तेल बाहेर पडतं. एका किलोत साधारण ४४ मेगाजूल ऊर्जा असते, म्हणजे एकूण ३,८०० मेगाजूलच्या आसपास. घरगुती १४.२ किलोच्या गॅस सिलिंडरात साडेसहाशे मेगाजूल असतात. एका मिनिटात सहा सिलिंडर. मी हा हिशोब प्रत्येक नव्या मालकाला कागदावर करून दाखवतो, कारण होजची किंमत वाचवताना आपण काय पणाला लावतोय ते त्यातून लगेच कळतं.

ही गोष्ट खाणवाल्यांनी आपल्या आधी शिकून घेतली, फार मोठी किंमत देऊन. ८ ऑगस्ट १९५६ रोजी बेल्जियममधल्या मार्सिनेलच्या कोळसा खाणीत वर-खाली नेणाऱ्या पाळण्यात नीट न बसलेल्या कोळशाच्या डब्याने तेलाची नळी, विजेच्या केबली आणि हवेचा पाइप एकदमच तोडला. तेल पेटलं आणि २६२ माणसं गेली. त्यानंतर युरोपात खाणींसाठी आगीला दाद न देणारे द्रव कसे असावेत, त्यांच्या चाचण्या कशा घ्याव्यात यावर जोमाने काम झालं. आज आपण ज्याला फायर रेझिस्टंट फ्लुइड म्हणतो, त्याच्या वर्गवारीची मुळं बरीचशी तिथे आहेत. वेस्टर्न कोलफिल्ड्स या कोळसा कंपनीचं मुख्यालय आपल्याच नागपूरच्या सिव्हिल लाइन्समध्ये आहे. सावनेरकडच्या भूमिगत खाणींत काम केलेला कुणी ओळखीचा असेल तर त्याला विचारा, जमिनीखाली कुठलंही तेल कुठेही भरता येत नाही हे तो पहिल्या वाक्यात सांगेल.

आधी ठरवा: तुमच्या मशीनला याची गरज आहे का?

सगळ्याच मशीनना नाही. भट्टीपासून दूर, वेगळ्या शेडमध्ये असलेली शीट मेटलची प्रेस, लेथचं चक, गोडाऊनमधली लिफ्ट, फोर्कलिफ्ट: इथे साधं मिनरल तेलच भरा. स्वस्त आहे, पंपाला वंगण उत्तम देतं, प्रत्येक सील त्याला ओळखतं, खराब झालं तर लगेच कळतं. जिथे जवळपास गरम पृष्ठभाग, उघडी ज्योत किंवा वितळलेला धातू नाही तिथे महागडा द्रव भरून उगाच नवे त्रास विकत घेऊ नयेत.

मी स्वतः एक साधी कसोटी लावतो. मशीनवरचा प्रत्येक होज आणि प्रत्येक जोड डोळ्यांसमोर आणायचा, तो इथेच फुटला तर फवारा कुठे जाईल ते बघायचं. दहा मीटरच्या आत भट्टी, लाडल (वितळलेला धातू उचलायची पळी), गरम डाय (साचा), बर्नर, वेल्डिंगचं टेबल किंवा लाल लोखंड असेल तर ते मशीन जोखमीचं. हे काम ऑफिसात बसून होत नाही. ऑपरेटरला सोबत घेऊन मशीनभोवती फिरावं लागतं, आणि गळतीच्या जागा त्याला आपल्यापेक्षा जास्त माहीत असतात.

जोखमीच्या मशीनसाठी आता खरी निवड सुरू होते.

वॉटर ग्लायकॉल: आगीपुढे सर्वांत खंबीर, सांभाळायला सर्वांत हट्टी

आंतरराष्ट्रीय वर्गवारीत याला एचएफसी म्हणतात. यात ३५ ते ५० टक्के पाणी, ग्लायकॉल, जाडपणासाठी पॉलिमर आणि गंज न लागण्यासाठी रसायनं असतात. फवारा गरम जागी पोचला की त्यातलं पाणी आधी वाफ होतं. त्या वाफेला प्रचंड उष्णता लागते आणि वाफ हवेलाही बाजूला सारते, म्हणून ज्योत धरतच नाही. चाचणीत पेटत्या बर्नरसमोर याचा फवारा मारलेला मी पाहिला आहे. बर्नरपाशी क्षणभर पिवळसर होतं आणि बर्नर हटवला की विझतं. ते पाहिल्यावर याच्या बाजूने बोलावंसं वाटतं, आणि मी बोलतोच. वितळलेल्या धातूच्या अगदी शेजारी असलेल्या मशीनसाठी माझी पहिली पसंती हीच.

पण याची सगळी ताकद त्या पाण्यात आहे, आणि नागपूरचा उन्हाळा त्या पाण्यावरच टपलेला असतो.

एप्रिल-मे महिन्यात इथे पारा ४५ च्या पुढे जातो आणि हवा इतकी कोरडी असते की धुतलेला टॉवेल अर्ध्या तासात कडक होतो. अशा हवेत टाकीतलं पाणी श्वासाच्या झाकणातून, म्हणजे टाकीत हवा आत-बाहेर करणाऱ्या झाकणातून, रोज थोडं थोडं उडून जातं. समजा ६०० लिटरची टाकी आहे आणि त्यात ४२ टक्के पाणी, म्हणजे सुमारे २५० लिटर. त्यातलं ४० लिटर उडालं की प्रमाण ३८ टक्क्यांवर येतं. आणखी तेवढंच उडालं की ३३ च्या आसपास. इथे दोन्हीकडून मार बसतो: द्रव जाड होऊन पंपाला ओढता येत नाही, आणि आग रोखायचा जो गुण होता तोही उतरतो. पाणी पूर्ण उडालेलं ग्लायकॉल जळतं. भट्टीच्या भिंतीच्या इन्सुलेशनच्या लोकरीत झिरपून वाळलेलं ग्लायकॉल पेटलेलं मी पाहिलं आहे. तेव्हा गळती झाली तर "हे तर पाणीच आहे" म्हणून सोडून देऊ नका, लगेच भरपूर पाण्याने धुवा आणि भिजलेलं इन्सुलेशन बदला.

म्हणून वॉटर ग्लायकॉल घ्यायचं तर टाकीचं तापमान ५० च्या आसपास ठेवता आलं पाहिजे, ६० ही शेवटची हद्द. इथे बहुतेकांची पहिली चूक होते. पंखा लावलेला रेडिएटर बाहेरच्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. शेडमध्ये हवाच ४७ अंशांची असेल तर द्रव ६० च्या वर जाणारच. याउलट पाण्याचा कूलर आणि कूलिंग टॉवर लावला तर मे महिन्यात काम उत्तम होतं. प्रत्येक नागपूरकराला हे घरच्या डेझर्ट कूलरवरून ठाऊक आहे: हवा जेवढी कोरडी तेवढा कूलर गार. मे महिन्यात टॉवरचं पाणी हवेपेक्षा कितीतरी थंड मिळतं. जुलैत हवा दमट झाली की टॉवरचा जोर ओसरतो, पण तेव्हा हवाच तिशीच्या आसपास असते. तेव्हा वॉटर ग्लायकॉलच्या कोटेशनसोबत प्लेट हीट एक्स्चेंजर (म्हणजे तोच पाण्याचा कूलर) आणि टॉवरचं कोटेशनही मागवा. ते नसेल तर पुढचं काही वाचायची गरज नाही, सरळ एस्टरकडे जा.

दुसरी गोष्ट टॉप-अपची. उडालेल्या पाण्याच्या जागी पाणीच घालायचं असतं, पण ते डिस्टिल्ड किंवा डीएम (क्षार काढलेलं) पाणी. बोअरचं पाणी कधीच नाही. आपल्याकडचं बोअर किती कडक आहे ते कूलरच्या खसवर साठलेल्या पांढऱ्या थरावरून दिसतं. एका शॉपमध्ये लेव्हल उतरली म्हणून नव्या मुलाने शेडमधल्या कूलरचाच पाइप टाकीत सोडला होता. चांगल्या मनानेच केलं होतं, त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. दोन आठवड्यांत फिल्टरवर पांढरट, साबणासारखा गाळ. कॅल्शियम आणि गंजरोधक रसायनं एकमेकांना धरून बसली होती. ७०० लिटर द्रव काढून टाकावा लागला.

हे टाळायला एक छोटं हत्यार पुरतं, रिफ्रॅक्टोमीटर. काचेवर दोन थेंब टाकायचे, उजेडाकडे धरून आकडा वाचायचा, पुरवठादाराने दिलेल्या तक्त्यावरून पाण्याचा टक्का काढायचा. दोन मिनिटांचं काम. सोबत पीएच. नवा द्रव नऊच्या आसपास असतो, तो आठच्या खाली घसरू लागला की गंजाची सुरुवात झाली समजा, आणि तो गंज आधी टाकीच्या छतावर येतो, द्रवाच्या वर, जिथे कुणी बघत नाही. मार्च ते जून दर सोमवारी, बाकीच्या महिन्यांत महिन्यातून दोनदा हे झालंच पाहिजे. तुमच्याकडे हे करणारा माणूस आहे का, हा प्रश्न द्रवाच्या किमतीपेक्षा मोठा आहे. तो माणूस नावाने ठरला नसेल तर वॉटर ग्लायकॉल घेऊ नका.

आता मशीनच्या आतली बाजू. वॉटर ग्लायकॉल तेलापेक्षा जड असतं, घनता १.०५ ते १.१०, तेलाची ०.८७ च्या आसपास. त्यामुळे सक्शन लाइनवर ताण येतो आणि पंपात पोकळ्या होऊन आत खडे भरल्यासारखा खडखडाट सुरू होतो. टाकी पंपाच्या वर असेल तर उत्तम. सक्शन पाइप मोठा हवा, जाळी मोठी हवी. वंगण तेलापेक्षा कमी, म्हणून पंपाच्या बेअरिंगचं आयुष्य घटतं. बहुतेक पंपांच्या कॅटलॉगमध्ये एचएफसीसाठी दाब आणि आरपीएम कमी दिलेले असतात. तुमच्या पंपाच्या नेमप्लेटचा फोटो काढून पंपवाल्याला पाठवा आणि त्याच्याकडून लेखी उत्तर घ्या. द्रव विकणाऱ्याच्या "चालतंय हो" वर जाऊ नका.

याला जस्त, कॅडमियम, मॅग्नेशियम आणि ॲनोडाइज न केलेलं ॲल्युमिनियम चालत नाही. म्हणजे जीआय (जस्ताचा मुलामा दिलेले) पाइप आणि जस्ताचे फिटिंग बाद. कागदी फिल्टर फुगतो, पॉलियुरेथेनची सीलं हळूहळू चुरा होतात, कॉर्कची पॅकिंग सडते. नायट्राइल रबर चालतं, ही त्यातल्या त्यात मोठी सोय. आणि टाकीच्या आतला साधा रंग सुटतो. मी पहिल्यांदा बदल केला तेव्हा टाकी आतून घासली नव्हती, उत्पादनाची घाई होती. नवव्या दिवशी रंगाची सालं साप कात टाकतो तशी अखंड निघून सक्शनच्या जाळीवर जाऊन बसली. पंप गेला. वाचवलेल्या एका दिवसाचे चार दिवस झाले.

पॉलिओल एस्टर: जुन्या मशीनचा मित्र, पण आगीशी त्याचं नातं नीट समजून घ्या

याला एचएफडीयू म्हणतात. यात पाणी नसतं. दिसायला, हाताला, पंपाला हे तेलासारखंच वाटतं. वंगण उत्तम, पंपाचा दाब सहसा कमी करावा लागत नाही. तापमानाने जाडपणा फारसा बदलत नाही, त्यामुळे आपल्या मे महिन्यात आणि डिसेंबरच्या पहाटे दोन्ही वेळा मशीन सारखीच चालते. ७० अंशांपर्यंत टाकी निर्धास्त. नायट्राइलची सीलं राहू देता येतात, बऱ्याचशा रंगांनाही चालतं. पंख्याच्या रेडिएटरवर चालणाऱ्या, दहा-पंधरा वर्षं तेलावर धावलेल्या मशीनमध्ये एस्टर भरणं हा सर्वांत कमी उलथापालथीचा मार्ग आहे. म्हणून विकणारे याचाच आग्रह धरतात, आणि तो आग्रह चुकीचा म्हणता येणार नाही.

मात्र एस्टर जळतो. त्याचा फायर पॉइंट (पेटल्यावर जळत राहतो ते तापमान) तेलापेक्षा बराच वर, ३०० च्या पुढे असतो आणि मूळ आगीपासून दूर झालेला फवारा ज्योत धरून ठेवत नाही. पण एका किलोत ऊर्जा सदतीस मेगाजूलच्या आसपास, तेलापेक्षा फार कमी नाही. वितळलेल्या धातूवर तो सतत पडत राहिला तर जळत राहणार. आणखी एक गोष्ट सहसा कोटेशनमध्ये लिहिलेली नसते: काही एस्टरांत फवाऱ्याचे थेंब मोठे राहावेत म्हणून लांब साखळीचा पॉलिमर घातलेला असतो. पंप आणि व्हॉल्व्हमधून हजारो वेळा फिरताना त्या साखळ्या तुटतात, आणि नव्या द्रवाने दिलेली परीक्षा दोन वर्षं जुना द्रव तशीच पास करेल याची खात्री उरत नाही. म्हणून पुरवठादाराला थेट विचारा: आगीचा गुण पॉलिमरवर अवलंबून आहे का, आणि वापरलेल्या नमुन्याची आगीची चाचणी करून द्याल का? या प्रश्नावर तो अडखळला तर दुसरं कोटेशन मागवा.

याचा शत्रू ग्लायकॉलच्या नेमका उलटा. ग्लायकॉलला मे महिना छळतो, एस्टरला जुलै. पावसाळ्याची दमट हवा टाकीत शिरते, रात्री पाणी होऊन उतरते, त्या पाण्याने एस्टर तुटतो आणि आम्ल तयार होतं. श्वासाच्या झाकणाला सिलिका जेलचा ब्रीदर लावा, दाणे निळ्याचे गुलाबी झाले की बदला, मशीनला पाण्याचा कूलर असेल तर त्याची ट्यूब गळत नाही ना ते बघा. दर तीन महिन्यांनी नमुना लॅबला पाठवून पाणी आणि आम्लाचा आकडा घ्या आणि नव्या द्रवाच्या आकड्याशी ताडून पाहा. रोजची देखभाल मात्र जवळपास तेलाएवढीच. तीन माणसांच्या मेंटेनन्सवर चालणाऱ्या कारखान्याला हा फरक फार मोठा आहे.

बाकीचे दोन-तीन पर्याय

फॉस्फेट एस्टर, म्हणजे एचएफडीआर, आपोआप पेटायला पाचशेहून जास्त अंश घेतो. औष्णिक वीज केंद्रांत टर्बाइनच्या गव्हर्निंगमध्ये (वेग नियंत्रणात), गरम वाफेच्या नळ्यांशेजारी, याचा वापर होतो. पण नायट्राइल सील विरघळवतो, रंग उतरवतो, केबलचं पीव्हीसी मऊ करतो, आम्ल सांभाळायला वेगळा फिल्टर लागतो आणि हाताळताना हातमोज्यांशिवाय स्पर्शही नको. लहान कारखान्याने याच्या वाटेला जाऊ नये.

पंचाण्णव टक्के पाणी असलेला एचएफए खाणीतल्या पॉवर्ड सपोर्टसाठी (छत पेलणाऱ्या हायड्रॉलिक आधारांसाठी) ठीक. तुमच्या वेन (पात्यांच्या) पंपात घातला तर पंप काही दिवसांचा सोबती. पाणी आणि तेलाचं उलटं इमल्शन, एचएफबी, मी शेवटचं कधी पाहिलं ते आठवत नाही. उभं ठेवलं की पाणी-तेल वेगळं होतं. तो विषय सोडा.

पैशाचा हिशोब

माझ्या हातून गेलेल्या कोटेशनांत वॉटर ग्लायकॉल साध्या तेलाच्या दुप्पट-तिप्पट आणि एस्टर त्याच्याही बराच वर राहिला आहे. पण बॅरलचा भाव बाजूला ठेवून पाच वर्षांचा कागद मांडा. ग्लायकॉलच्या बाजूला लिहा: टॉवर आणि एक्स्चेंजर, टाकी घासून इपॉक्सीचा रंग, सीलं-फिल्टर-फिटिंग बदलणं, दोन-तीन दिवसांचं बंद उत्पादन, डीएम पाणी, पंप थोडा लवकर बदलणं. एस्टरच्या बाजूला: द्रवाचा भाव, फ्लशिंग (मशीन आतून धुऊन काढणं), ब्रीदर, लॅब. गळक्या मशीनमध्ये एस्टर अतिशय महाग पडतो, कारण प्रत्येक थेंब सोन्याच्या भावाचा. तेव्हा आधी गळती बंद करा, मग एस्टर भरा.

एक खर्च सगळेच विसरतात. जुनं मिनरल तेल रिसायकलवाला पैसे देऊन नेतो. जुनं ग्लायकॉल कुणी विकत घेत नाही. ते नालीत सोडणं गुन्हा आहे, शिवाय पोटात गेलं तर जनावराला, माणसाला विष. ते घातक कचरा म्हणून नोंदवून बुटीबोरीच्या प्रक्रिया केंद्राकडे पाठवावं लागतं, त्याचे पैसे लागतात. कागदावर तेही लिहा.

तेलावरून बदलताना जुनं तेल किती उरलं तर चालेल यातही मोठा फरक आहे. ग्लायकॉलमध्ये निर्माते साधारण ०.१ टक्क्याच्या आत मागतात, कारण तेलात घातलेल्या जस्ताच्या रसायनांशी त्याचं पटत नाही आणि तेल वर तरंगत राहतं. एस्टरमध्ये ३ ते ५ टक्क्यांपर्यंत सहन होतं, पण तेवढ्या प्रमाणात आगीचा गुण कमी होतो. सिलिंडरच्या मागच्या बाजूला आणि ॲक्युम्युलेटरमध्ये जे तेल अडकून बसतं तेच हा हिशोब बिघडवतं. प्रत्येक सिलिंडर दोन्ही टोकांना नेऊन रिकामा करा, ॲक्युम्युलेटर खोलून काढा.

खरेदी करताना बॅरलवर नुसतं "फायर रेझिस्टंट" लिहिलेलं बघून समाधान मानू नका. आयएसओ १२९२२ नुसार कोणता वर्ग आहे ते विचारा आणि एफएम या चाचणी-संस्थेच्या ६९३० मानकाची मान्यता असेल तर तिचं प्रमाणपत्र मागा. द्रवाचं नेमकं नाव प्रमाणपत्रावर जुळतं का ते अक्षर न् अक्षर बघा.

त्या मुलाला मी काय सांगितलं

त्याच्याकडे तीन मशीन आहेत. नव्या ६०० टनी डायकास्टिंगचा पंप एचएफसीसाठीच बनलेला आहे, टॉवर आधीपासून आहे, होल्डिंग फर्नेस दोन मीटरवर. तिथे वॉटर ग्लायकॉल, आणि सोमवारच्या तपासणीसाठी एका माणसाचं नाव पॅनेलवर चिकटवायचं. जुनी २५० टनी, पंख्याच्या रेडिएटरवर चालणारी, पंप कॅटलॉगमध्ये ग्लायकॉलला मनाई. तिथे एस्टर, पण होज बदलून आणि गळत्या थांबवूनच. मागच्या शेडमधली ट्रिमिंग प्रेस भट्टीपासून लांब आहे, तिथे आहे ते ६८ नंबरचंच राहू दे.

तो म्हणाला, "मग आता आगीची काळजी मिटली ना?" मी म्हटलं, अजिबात नाही. कुठलाही द्रव भरला तरी भट्टी आणि मशीनच्या मधे लोखंडी आडोसा लाव. होजवर फायर स्लीव्ह चढव, क्लॅम्पला घासणारा प्रत्येक होज आजच वळव. पंप बंद करायचं एक बटण शेडच्या दाराशी आण, भट्टीच्या विरुद्ध बाजूला. टाकीची लेव्हल अचानक उतरली की पंप आपोआप थांबेल असा स्विच लाव, आणि तो थांबला की ॲक्युम्युलेटरही मोकळा होईल असा व्हॉल्व्ह. त्या रात्री आमच्याकडे यातली एक जरी गोष्ट असती तरी त्या हेल्परचा हात वाचला असता. तेल कुठलं होतं हा प्रश्न त्यानंतरचा.

बदलाचा दिवस आम्ही दिवाळीच्या सुट्टीत धरला आहे. चार दिवस मशीन बंद मिळते, पावसाची दमट हवा गेलेली असते आणि मे महिना यायला पाच-सहा महिने हातात राहतात, तेवढ्यात माणसांचा हात रिफ्रॅक्टोमीटरवर बसतो. तोवर त्याला एक काम दिलंय: येत्या रविवारी ६०० टनीच्या टाकीचं झाकण उघडून टॉर्चने आतला रंग बघायचा, नखाने खरवडायचा आणि फोटो मला पाठवायचा.